चंद्राचा नव्हे, मॉन्सचा मुलगा : स्वीडिश आडनावांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी ज्या स्वीडिश कंपनीत काम करते, तिथल्या साहेबांचं आडनाव मॉन्सॉन आहे. शब्दकोशात पाहिलं तर स्वीडिशमध्ये चंद्राला 'मोने' म्हणतात. मग मॉन्सॉन म्हणजे चंद्राचा मुलगा का? आपल्याकडच्या सोमवंशीसारखं? (वाचक, चिंचवड)

उत्तर : सोमवंशी आठवणं साहजिक आहे, पण या आडनावात चंद्र नाही. मॉन्सॉन म्हणजे मॉन्सचा मुलगा, आणि मॉन्स हे माग्नुस या नावाचं बोलताबोलता झिजलेलं रूप. विठ्ठलाचा विठू होतो तसं. झीज कशी झाली तेही कळतं. स्वीडिश माणूस माग्नुसमधला 'ग' नाकातून काढतो, त्यामुळे उच्चार 'मङ्नुस' असा होतो. बोलीत पुढचा 'उ' गळाला, आधीचा स्वर ओकाराकडे झुकला आणि मॉन्स उरलं. चंद्राच्या शब्दातला 'मो' लांब, मॉन्समधला आखूड. कानाला फरक लगेच समजतो. लिहिताना मात्र दोन्हीकडे डोक्यावर वर्तुळ असलेलं तेच 'ए' अक्षर येतं, म्हणून फसायला होतं.

माग्नुस हा लॅटिन शब्द, अर्थ 'थोर'. तो नाव कसा झाला याची गोष्ट नॉर्वेच्या राजांच्या जुन्या सागांमध्ये, म्हणजे वीरकथांमध्ये, आहे. राजा ऊलाव्ह हाराल्दसन झोपलेला असताना त्याला मुलगा झाला. मूल अशक्त, जगेल की नाही याची शंका. राजाला उठवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून दरबारातला कवी सिग्वात याने स्वतःच बाप्तिस्मा उरकून नाव ठेवलं माग्नुस. सकाळी राजा संतापला, की आमच्या घराण्यात हे नाव आलं कुठून? सिग्वात म्हणाला, जगातला सर्वांत श्रेष्ठ राजा कार्लामाग्नुस, त्याच्यावरून ठेवलं. कार्लामाग्नुस म्हणजे शार्लमेन, 'थोर कार्ल'. म्हणजे कवीने नाव सोडून बिरूदच उचललं. हा मुलगा 1035 ते 1047 नॉर्वेचा राजा होता, आणि त्याच्यामागून हे नाव उत्तरेकडच्या सगळ्या राजघराण्यांत शिरलं. स्वीडनमध्ये 1275 ते 1290 राज्य केलेल्या माग्नुस लादुलोसच्या वडिलांचं नाव बिर्येर, म्हणून तो माग्नुस बिर्येर्सॉन. 1319 मध्ये गादीवर आलेला माग्नुस एरिकचा मुलगा, म्हणून माग्नुस एरिक्सॉन. राजालाही बापाचं नाव लावूनच ओळखत, घराण्याचं आडनाव वगैरे नंतरच्या गोष्टी. दरबारातलं नाव खेड्यात उतरलं आणि तिथे त्याचं मॉन्स झालं. इतकं घरगुती झालं, की स्वीडनमध्ये बोक्यालाही मॉन्स म्हणायची पद्धत आहे.

आता आडनावातले दोन 'स'. रचना सोपी आहे : बापाचं नाव, षष्ठीचा 'स' आणि पुढे 'सॉन' म्हणजे मुलगा. कार्लचा 'कार्ल्स', त्यापुढे 'सॉन', असे दोन 'स' जमतात. मॉन्स, लार्स, आंदेर्स ही नावं मुळातच 'स'वर संपतात; त्यांना षष्ठीचा वेगळा 'स' लागत नाही, तरी नावाचा एक आणि 'सॉन'चा एक मिळून दोन होतातच. म्हणून अस्सल स्वीडिश स्पेलिंगमध्ये जोड 'स' दिसतो. एकच 'स' दिसला तर बहुतेक वेळा ते कुटुंब अमेरिकेत जाऊन आलेलं किंवा तिथेच राहिलेलं असतं. शेवटी 'सॉन'ऐवजी 'सेन' असेल तर डेन्मार्क किंवा नॉर्वे समजावा. माग्नुसचं डॅनिश घरगुती रूप मोन्स याच उच्चाराचं, पण लिहितात मोगेन्स, त्यावरून मोगेन्सेन. मॉन्सॉन मंडळी दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतात सर्वाधिक आढळतात, आणि हा प्रांत 1658 पर्यंत डेन्मार्ककडे होता.

याच प्रांतातला ऊला मॉन्सॉन हा शेतकऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून स्वीडिश संसदेत बसत असे. 1859 मध्ये तो तान्ह्या मुलासह अमेरिकेत मिनेसोटाला गेला आणि तिथे ऑगस्ट लिंडबर्ग झाला. 1927 मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्याने विमान नेणारा चार्ल्स लिंडबर्ग हा त्याचा नातू. ऊलाने नाव बदललं नसतं तरी हा नातू 'मॉन्सॉन' म्हणून ओळखला गेला असता असं नाही. जुन्या रीतीने नातवाचं आडनाव आजोबांच्या नावावर अवलंबूनच नसे. ते वडिलांच्या नावावरून बनलं असतं.

प्रश्न : आंदेर्सॉन, योहान्सॉन, निल्सॉन, पेर्सॉन... या सगळ्यांमागची नावं काय अर्थाची आहेत? (वाचक, नाशिक)

उत्तर : दोन थर आहेत. चर्चबरोबर आलेली नावं आणि त्याआधीची उत्तरेकडची नावं.

चर्चच्या नावांत आंदेर्स म्हणजे आंद्रेयास, ग्रीकमध्ये 'मर्द'. निल्स म्हणजे निकोलाउस, 'लोकांचा विजय'. लार्स म्हणजे लॉरेन्तियुस, इटलीतल्या लॉरेन्तुम गावचा. पेर म्हणजे पेत्रुस, 'खडक'. बेंग्त म्हणजे बेनेदिक्तुस, 'आशीर्वाद लाभलेला'. जुन्या नावांत स्वेन म्हणजे 'पोरगा', कार्ल म्हणजे 'स्वतंत्र माणूस', ऊलोफ म्हणजे 'पूर्वजांचा वारस', एरिकमधला 'रिक' म्हणजे 'सत्ताधीश'.

सर्वांत पसरलेलं झाड योहानेसचं, 'देवाने कृपा केली' या हिब्रू अर्थाचं. त्यातून योहान, यून, यान, यॉन्स, हान्स अशी नावं फुटली आणि प्रत्येकाचं वेगळं आडनाव झालं : योहान्सॉन, यून्सॉन, यान्सॉन, यॉन्सॉन, हान्सॉन. अर्थ एकच, आडनावं पाच. पेत्रुसचीही तीच गत : पेर्सॉन, पेतेर्सॉन, पेत्तेर्सॉन. आंदेर्सॉन आणि योहान्सॉन ही स्वीडनमधली सर्वांत जास्त आढळणारी आडनावं, प्रत्येकी सुमारे 2 लाख माणसांची, आणि देशाची लोकसंख्या जेमतेम 1 कोटी 5 लाख. त्यांचं एकमेकांशी नातं किती? आपल्याकडे ज्यांच्या वडिलांचं नाव गणपत आहे अशा सगळ्यांचं असेल तितकं.

प्रश्न : 'सॉन' म्हणजे मुलगा, तर बायका हे आडनाव कसं लावतात? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पूर्वी लावत नव्हत्याच. आंदेर्सची मुलगी ती आंदेर्सदॉत्तेर. 'दॉत्तेर' म्हणजे मुलगी. निल्सचा मुलगा पेर असेल तर तो पेर निल्सॉन आणि त्याची सख्खी बहीण शेर्स्तिन निल्सदॉत्तेर. लग्न झालं तरी ती निल्सदॉत्तेरच राहायची, कारण नवऱ्याशी लग्न केल्याने बाप बदलत नाही. आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या नावामागून वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. तिथल्या शेतकरी घरांत ही गोष्ट कुणाच्या डोक्यातही आली नसती.

19व्या शतकाच्या उत्तरार्धात आधी शहरांत आणि मग खेड्यांत मुलीही 'सॉन' लावू लागल्या, म्हणजे व्याकरणाने मुलगी 'मुलगा' झाली. 1870 ची शेर्स्तिन निल्सदॉत्तेर 1890 च्या नोंदीत शेर्स्तिन निल्सॉन म्हणून भेटली तर ती तीच बाई असू शकते. 1920 च्या विवाह कायद्याने बायकोला नवऱ्याचं आडनाव सक्तीचं केलं. ते टाळून स्वतःचं आडनाव ठेवायचा हक्क 1963 च्या नाव-कायद्याने दिला. म्हणजे जुन्या काळच्या शेतकरणीकडे जो हक्क आपसूक होता, तो नातीला कायद्याने परत मिळवावा लागला.

प्रश्न : जावई मिनेसोटाचे, आडनाव जॉन्सन. त्यांचे पणजोबा स्वीडनहून आले एवढंच घरात माहीत आहे. नातवंडांसाठी वंशावळ करायची आहे. इंटरनेटवर 'जॉन्सन' शोधलं तर हजारो निघतात. सुरुवात कुठून करावी? (वाचक, ठाणे)

उत्तर : 'जॉन्सन' हा शब्द शोधणं आधी थांबवा. साधारण 1850 ते 1930 या काळात सुमारे 13 लाख स्वीडिश लोक अमेरिकेत गेले आणि त्यातले योहान्सॉन, यून्सॉन, योहानेसॉन, यॉन्सॉन सगळे तिथे जॉन्सनच्या एका पोत्यात भरले गेले. स्वेन्सॉनचे स्वेन्सन आणि स्वॉन्सन झाले. शिवाय स्वीडनमध्ये एक पिढी मागे गेलात की आडनाव बदलणार, दोन पिढ्या मागे गेलात की पुन्हा बदलणार. स्वीडिश वंशावळीचा धागा माणसाचं पाळण्यातलं नाव, जन्मतारीख आणि पॅरिश, म्हणजे चर्चचं गाव, या तीन गोष्टींत असतो. आडनाव फक्त एवढंच सांगतं, की वडिलांना कोणत्या नावाने हाक मारायचे.

म्हणून पहिलं काम अमेरिकेतच करा. स्वीडिश लोकांच्या लुथरन चर्चमध्ये नवा सभासद आला की त्याची जन्मतारीख आणि कुठल्या पॅरिशमधून आला हे लिहून ठेवत. थडग्यावरचा मजकूर, जुन्या बायबलच्या कोऱ्या पानावरच्या नोंदी, नागरिकत्वाचे कागद हेही पाहा. पॅरिशचं नाव नक्की होत नाही तोवर स्वीडनच्या नोंदींत उतरू नका. तिथेच बहुतेकांचे महिनोन्‌महिने वाया जातात. पॅरिश काही केल्या सापडत नसेल तर गोथेनबर्ग बंदराच्या पोलिसांनी 1869 पासून ठेवलेल्या प्रवाशांच्या याद्या आहेत. त्यांत प्रवाशाचं नाव, वय, निघालेलं गाव आणि अमेरिकेत कुठे जाणार हे मिळतं. फक्त तिथे 'जॉन्सन' शोधू नका. मूळ स्वीडिश रूपं एकेक करून पाहा.

पॅरिश मिळाली की स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर चर्चच्या वह्यांची छायाचित्रं आहेत, 2018 पासून फुकट. 1686 च्या चर्च कायद्याने पाद्रीबुवांना जन्म, लग्न, मृत्यू आणि गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणं बंधनकारक केलं होतं. आधी जन्माची वही उघडा. मुलाच्या नोंदीत आईबापांची नावं आणि शेतवाडीचं नाव असतं. तुमचा योहान पेत्तेर आणि त्याचा बाप योहानेस निल्सॉन असेल, तर मुलगा योहान पेत्तेर योहानेसॉन. 'जॉन्सन'चा उगम इथे. शेतवाडीचं नाव टिपून घ्या, कारण पुढची वही आडनावावर नाही, वाडीवर लावलेली असते.

ही पुढची वही सर्वांत मोलाची. पाद्रीबुवा वर्षातून एकदा वाडीवाडीवर जाऊन घरातल्या प्रत्येकाला वाचता येतं का, धर्मप्रश्नोत्तरी पाठ आहे का हे तपासत आणि नोंदवत. एकेक वही साधारण 5 ते 10 वर्षांची. एका पानावर एक घर : घरधनी, बायको, मुलं, गडी, मोलकरीण. प्रत्येकासमोर जन्मतारीख, जन्माचं गाव, लग्न, मृत्यू, कुठून आला, कुठे गेला, आणि बऱ्याच वह्यांत देवीची लस टोचली का हेसुद्धा. लस 1816 पासून सक्तीची होती. माणूस मेला किंवा निघून गेला की नावावर आडवी रेघ मारत, त्यामुळे रेघ दिसली म्हणजे चूक झाली असं समजू नका. 'कुठून आला' या रकान्यात दुसऱ्या पॅरिशचं नाव दिसलं की तिथल्या ये-जा वहीत जा, त्याच वर्षाच्या आसपास शोधा, आणि त्या पॅरिशच्या घरवहीत पुन्हा तेच. साखळी अशी मागे मागे जाते.

चुका कुठे होतात तेही सांगून ठेवतो. एक, संक्षेप. नावाच्या पुढे 'दर' अशी दोन अक्षरं असली तर दॉत्तेर, नावाच्या आधी असली तर बहुतेक वेळा 'द्रेंग', म्हणजे शेतावरचा गडी. 'ह' म्हणजे हुस्त्रू, बायको. दोन, एकाच माणसाची नावं पाद्रीगणिक बदलतात : आज योहानेस, पुढच्या वहीत योहान, त्याच्या पुढे यून. तसंच ख्रिस्तिना, शेर्स्तिन, स्तीना ही एकच बाई असू शकते. नाव जुळलं नाही म्हणून नोंद सोडू नका, जन्मतारीख जुळते का ते पाहा. उलट नाव हुबेहूब जुळलं म्हणून उडीही मारू नका. एका पॅरिशमध्ये एकाच वयाचे तीन आंदेर्स आंदेर्सॉन ही रोजची गोष्ट होती. तीन, तारखा. 1753 मध्ये स्वीडनने कॅलेंडर बदललं तेव्हा 17 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च आला. त्याआधी कॅलेंडरच्या गोंधळात 1712 साली तर 30 फेब्रुवारी हा दिवसही झाला. तशी तारीख दिसली तर ती लेखनदोष नाही.

आणि चार, आजोबांचं नाव. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायची रीत मोठी होती. मग पेर आंदेर्सॉनचा मुलगा आंदेर्स पेर्सॉन, त्याचा मुलगा पुन्हा पेर आंदेर्सॉन. आजोबा आणि नातू एकाच वाडीवर, एकाच नावाने. पेशव्यांची नावं मनाशी म्हणून पाहा : बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव. बल्लाळ म्हणजे बाळाजीच. भट हे आडनाव बाजूला ठेवून आपण हे तिघे नीट ओळखतो, कारण क्रम ठाऊक आहे. स्वीडिश नोंदीतही तसाच क्रम तारखांनी बांधत जायचा. तारखा लिहिल्या नाहीत तर आजोबा नातवाचा मुलगा होऊन बसतो. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव देत, म्हणून जन्म सापडला की लगेच मृत्यूची वही पाहून ते मूल जगलं ना, याची खात्री करा.

शेवटच्या 70 वर्षांच्या नोंदी गोपनीयतेच्या नियमामुळे बंद असतात. तुमच्या कामाला ते आड येणार नाही.

प्रश्न : मग ही आडनावं गोठली केव्हा? कायद्याने बंदी आली का? आणि दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात का? (वाचक, पणजी)

उत्तर : 1901 च्या अध्यादेशाचं नाव सगळीकडे घेतलं जातं. त्याने घराण्याच्या आडनावाला कायद्याची चौकट दिली : कोणी कोणतं नाव घ्यावं, नवं हवं तर परवानगी कशी घ्यावी. पण त्या दिवशी सकाळी देशभर आडनावं गोठली असं झालं नाही. शहरांत गोठणं कित्येक दशकं आधीच सुरू होतं आणि दूरच्या खेड्यांत जुनी रीत पुढेही काही वर्षं चालली.

म्हणूनच भावांची आडनावं वेगळी असू शकतात. बाप निल्स पेर्सॉन. थोरला गावात राहिला, जुन्या रीतीने निल्सॉन. मधला शहरात गेला, तिथल्या फॅशनप्रमाणे बापाचंच आडनाव घेऊन पेर्सॉन. धाकट्याने पेर्सॉन-निल्सॉनांची गर्दी टाळायला लिंदक्विस्त हे नवंच नाव घेतलं. तिघांच्या नातवंडांना आज एकमेकांचा पत्ता लागणार नाही.

शेजारी नॉर्वेने 1923 मध्ये कायम आडनाव सक्तीचं केलं. आइसलँडने नेमकं उलट केलं : 1925 मध्ये नवी कौटुंबिक आडनावं घ्यायलाच मनाई केली. तिथे आजही यूनचा मुलगा यून्सन आणि मुलगी यून्सदोत्तिर, आणि टेलिफोनची छापील यादीही पहिल्या नावाने लावलेली असे. स्वीडनमध्येही मनात आलं तर जुनी रीत आता मोकळी आहे. आईच्या किंवा वडिलांच्या पहिल्या नावापुढे 'सॉन' किंवा 'दॉत्तेर' जोडून आडनाव घेता येतं, म्हणजे आन्नासॉन किंवा कारिन्सदॉत्तेरही चालतं.

प्रश्न : सगळे 'सॉन' असतील तर नोबेल, सेल्सियस, लिंडग्रेन, बर्गमन ही नावं कुठून आली? (वाचक, सातारा)

उत्तर : शिकलेल्यांनी, सैनिकांनी आणि शहरी लोकांनी 'सॉन'मधून आपापल्या वाटा काढल्या.

शिकलेल्यांची वाट लॅटिनमधून गेली. स्कोनेतल्या नोब्बेलोव्ह गावचा पेत्रुस ऊलाय शिकायला उप्सालाला गेला आणि गावाच्या नावावरून नोबेलियुस झाला. पुढच्या पिढ्यांत शेपूट गळून नोबेल उरलं. त्याच्या मूळ नावातलं 'ऊलाय' म्हणजे ऊलोफचा, तीच षष्ठी, फक्त लॅटिनमध्ये. गावावरून नाव, म्हणजे आपल्या 'कर'चाच भाऊ. वनस्पतींचं नामकरण करणाऱ्या कार्ल लिनेयसचे वडील निल्स इंगेमार्सॉन. लुंडच्या विद्यापीठात नाव घालताना आडनाव हवं म्हणून त्यांनी घराजवळच्या मोठ्या लिंडन झाडावरून लिनेयस घेतलं. सेल्सियस घराण्याचं नाव त्यांच्या हॉगेन या वास्तूवरून, म्हणजे 'टेकाड'. लॅटिनमध्ये 'सेल्सुस' म्हणजे उंच. ग्रीकमधला 'आंदेर', म्हणजे माणूस, शेवटी जोडून मेलांदेरसारखी नावंही पाद्री मंडळींनी केली.

शहरी लोकांनी निसर्गातले दोन शब्द जोडले. लिंद (लिंडन), बेर्य (डोंगर), ग्रेन (फांदी), स्ट्रॉम (प्रवाह), क्विस्त (डहाळी), लुंद (राई), शॉ (सरोवर). लिंदग्रेन, बेर्यस्ट्रॉम, लुंदक्विस्त. यात अर्थ शोधू नका. 'राईची डहाळी' असं कुणाचं घराणं नव्हतं, कानाला बरं वाटलं म्हणून जोडलं.

सैनिकांचं वेगळं. 1680 च्या दशकापासून शेतवाड्यांच्या गटाने मिळून एक शिपाई पोसायचा, त्याला झोपडी आणि जमिनीचा तुकडा द्यायचा अशी व्यवस्था होती. सैन्याच्या एका तुकडीत दहा आंदेर्स आंदेर्सॉन निघाले तर हजेरी घेणार कशी? म्हणून शिपायाला एका शब्दाचं खणखणीत नाव मिळे : रास्क (चपळ), मूदिग (शूर), स्टोल (पोलाद), शॉल्द (ढाल), स्पयूत (भाला), त्रिग्ग (निर्धास्त). हे नाव पुष्कळदा झोपडीला चिकटे. एक रास्क गेला की नंतर आलेला परका शिपाईही रास्क. त्यामुळे एका झोपडीत लागोपाठ राहिलेले दोन रास्क बापलेक समजलात तर वंशावळ तिथेच मोडते. मुलंही अनेकदा शिपायाचं नाव सोडून 'सॉन'कडे परतत. ही व्यवस्था 1901 मध्ये बंद झाली.

दालार्ना प्रांतात आणखी एक तऱ्हा : वाडीचं नाव माणसाच्या नावाच्या आधी लावायचं. बायकोच्या वाडीवर राहायला गेलेल्या पुरुषाला तिच्या वाडीचं नाव लागे. घरजावयाला टोमणा नाही, सरळ नावच.

प्रश्न : स्वेन्सॉन म्हणजे 'स्वीडिश माणसाचा मुलगा' का? (वाचक, अमरावती)

उत्तर : नाही. स्वेन म्हणजे पोरगा, हाताखालचा मुलगा. स्वीडिश या अर्थाचा 'स्वेन्स्क' हा शब्द 'स्वेआर' या जमातीच्या नावावरून आला. गोंधळ वाढायचं कारण म्हणजे चारचौघांसारख्या स्वीडिश माणसाला 'मेदेल-स्वेन्सॉन', सरासरी स्वेन्सॉन, म्हणतात. आपला सोम्यागोम्या, पण घराचं कर्ज वेळेवर फेडणारा.

प्रश्न : टीव्हीवर स्वीडिश खेळाडू आपलं नाव सांगतो तेव्हा 'आंदेर्सॉन' ऐकूच येत नाही. नेमका उच्चार काय? (वाचक, सोलापूर)

उत्तर : मराठी माणसाला हा उच्चार इंग्रजापेक्षा सोपा आहे. स्टॉकहोमकडच्या बोलीत 'र' आणि 'स' एकत्र आले की दोन्ही विरघळून मूर्धन्य 'ष' होतो. म्हणून आंदेर्सॉन कानाला 'आंदेषॉन', लार्सॉन 'लाषॉन', पेर्सॉन 'पेषॉन'. 'र' आणि 'ल' मिळून 'ळ'. कार्लसॉन 'काळसॉन'च्या जवळ जातो. आपल्या वर्णमालेत ही अक्षरं तयार आहेत, जीभ टाळूला वळवा आणि म्हणा. दक्षिणेत, स्कोनेत, 'र' घशातून येतो आणि तिथे हा 'ष' होत नाही. म्हणून आमच्या मॉन्सॉनांच्या प्रांतातला लार्सॉन वेगळा ऐकू येतो. रोमन 'जे' हा सहसा 'य'. योहान्सॉनमधला 'ह' बहुधा गिळतात, पहिला स्वर ऊकारासारखा लांबवतात : 'यूआनसॉन'.

प्रश्न : मुलगा आणि सून गोथेनबर्गला असतात. नातवाचं नाव नोंदवायचं आहे. मधलं नाव म्हणून आपल्या पद्धतीने वडिलांचं नाव घालता येईल का? (वाचक, पुणे)

उत्तर : 'मधलं नाव' म्हणून नाही. स्वीडनमध्ये 'मेल्लाननाम' हा प्रकार होता, पण ते आपल्यासारखं वडिलांचं नाव नसे. ते जास्तीचं आडनाव होतं, बहुधा आई किंवा वडील यांपैकी एकाचं. 1 जुलै 2017 च्या कायद्यापासून ते नव्याने घेता येत नाही. ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांचं राहतं. त्याऐवजी दोन आडनावं जोडून लावता येतात.

वडिलांचं नाव ठेवायचंच असेल तर दुसरं 'पहिलं नाव' म्हणून ठेवावं. स्वीडनमध्ये एकापेक्षा जास्त पहिली नावं असणं नेहमीचं आहे, आणि त्यातलं हाक मारायचं नाव कोणतं हे अर्जात वेगळं सांगता येतं. ते सांगायला विसरू नये, नाहीतर दवाखान्यात आणि बालवाडीत दोन्ही नावं ओळीने वाचली जातात आणि बाळाच्या नावाने बाबा मान वर करतात. नाव मूल जन्मल्यापासून 3 महिन्यांत कर खात्याकडे नोंदवायचं असतं. तिथे जन्म-नाव-पत्त्याची नोंद हेच खातं ठेवतं, 1991 पर्यंत हे काम चर्च करत होतं.

भारतीय पासपोर्टही काढायचा असेल तर दोन्हीकडे अक्षर न्‌ अक्षर सारखं ठेवा. आपल्या पासपोर्टवर नावाचे दोनच रकाने, दिलेलं नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात गेलं की स्वीडनच्या 'पहिल्या नावां'शी ते नेमकं जुळतं. आणि मुलगा-सुनेला हौस असेल तर वडिलांच्या नावापुढे 'सॉन' लावायची वाटही आहे. पण ते आडनाव होतं, म्हणजे घराण्याचं आडनाव एकतर त्याच्याशी जोडावं लागेल किंवा सोडावं लागेल. हे अर्ज भरण्याआधी घरात ठरवा, पुन्हा बदलायला नवा अर्ज लागतो.